बाकी सगळ्या जगाची फरशी वाकडी

१४ जुलै, सोमवार. सकाळी ७.१०
व्हीआरएस घेऊन दोन आठवडे झाले. चाकणला बावीस वर्षं क्वालिटीत काढली. मी नापास केलेल्या ब्रेकच्या पार्टांमुळे या रस्त्यांवर किती माणसं जिवंत आहेत, त्यांचं त्यांना माहीत नाही. असो.

आजपासून ऑनलाइन विक्रेता. माल : सागवानी चौरंग. करणारे : मारुतराव, म्हणजे माझे सासरे, आळंदीचे सुतार. तीस वर्षं ते तिथल्या नानासाहेबांच्या पूजासाहित्याच्या दुकानाला चौरंग देत होते. मी त्यांना म्हटलं, एका गल्लीपुरतं किती दिवस जगणार, तुमचा चौरंग पार नागपूरला गेला पाहिजे. ते म्हणाले, जावईबापू म्हनत्यात म्हंजी बरोबरच आसंल. शनिवारी त्यांनी नानासाहेबांचं काम सोडलं. त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, म्हणजे आता त्यांची जबाबदारी माझ्यावर. योग्य हातात आहे.

ठराव : रिटर्न शून्य.

१६ जुलै, बुधवार
पहिला लॉट आला. बारा नग. तपासणी ड्राय बाल्कनीत, कारण हॉलमध्ये भुसा पडला तर मी माहेरी जाईन, असं रंजना म्हणाली. जागा आदर्श आहे. एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन, मध्ये मोकळी फरशी. (मशीन धुताना हातभर चालत पुढे येतं. कंपनीचा दोष. दोनदा तक्रार केली आहे.)

बारापैकी बारा चौरंग डुगडुगले. एकही चारी पायांवर टेकेना. तीस वर्षं नानासाहेबांनी हे खपवून घेतलं. यालाच मी स्थानिक बाजारपेठेची मानसिकता म्हणतो.

खचलो नाही. कानस घेतली. एकेक पाय घासत घासत चारही बसवले. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पत्र्याची पातळ पट्टी, एकाही पायाखाली शिरेना. फरशीवर चार पिवळे ठिपके रंगवले. यापुढे प्रत्येक चौरंग त्याच चार ठिपक्यांवर तपासायचा. सातत्य म्हणजेच क्वालिटी.

मारुतरावांना फोनवर दोष सौम्य शब्दांत सांगितला. म्हणाले, माज्याकडं तर हालत नव्हते. म्हटलं, तुमच्याकडे गेज नाही.

२६ जुलै, शनिवार
श्रावण लागला. बाराच्या बारा गेले. प्रत्येक खोक्यात माझ्या सहीचा तपासणी अहवाल टाकला. मारुतरावांना आणखी चौदा सांगितले. ते एकटे दोन चौरंगांपेक्षा जास्त करत नाहीत दिवसाला. वेग वाढवावा लागेल.

३० जुलै, बुधवार
एक रिटर्न. कारण : हलतो. अमरावतीचं गिऱ्हाईक. तिकडे उन्हाने फरशा फुगत असाव्यात.

ठिपक्यांवर तपासला. दगडासारखा उभा. अहवालावर ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का मारून पुन्हा विक्रीला लावला.

२ ऑगस्ट, शनिवार
पाच रिटर्न. कारणं : हलतो, हलतो, डुगडुगतो, नको आहे, हलतो. ‘नको आहे’वाल्याच्या चौरंगाला हळदकुंकू, तांदूळ आणि केळीच्या खुंटाचा चीक. सत्यनारायण करून परत पाठवला. कथेत याला काय शिक्षा आहे ती मी शोधून ठेवली आहे.

पार्सल आणणारा अफताब चिखलीचा. स्वभावाने आगाऊ. म्हणाला, भाऊ, तुमच्या चौरंगांना माहेरची ओढ लय राव. नेऊन सोडतो न सोडतो तोच माघारी. मी त्याला तपासणीची पद्धत समजावली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि ओटीपी मागितला.

पाचही ठिपक्यांवर ठेवले. पाचही पास.

५ ऑगस्ट, मंगळवार
आज मुळाशी जायचं ठरवलं. रावेतचे अण्णासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचीही रिटर्नची विनंती आली होती. पत्ता लेबलवर होताच. गवंड्याकडून लेव्हल पट्टी घेतली आणि गेलो. बारावा मजला.

अण्णासाहेबांनी पाणी दिलं, मग विचारलं, आपण कोण. मी ओळख दिली, गुडघे टेकले आणि त्यांच्या हॉलच्या फरशीवर पट्टी ठेवली. ते म्हणाले, म्हणजे चौरंग तुमचा आणि तपासणी आमच्या घराची? मग त्यांनी सांगितलं की पूजेत कलश कलंडला, गुरुजी म्हणाले यजमान एका हाताने चौरंग धरून बसा, आणि त्यांनी पाचही अध्याय तसेच धरून ऐकले. अजून खांदा दुखतो म्हणाले. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, त्यांना म्हणावं आता कपाटं पण बघून घ्या, ती पण कुरकुरतात.

पट्टीतला बुडबुडा बरोबर मधोमध होता. हॉलमध्ये, देवघरात, पॅसेजमध्येही. म्हणजे पट्टी खराब. गवंड्याची वस्तू, कॅलिब्रेशन कोण करतो. परत केली.

६ ऑगस्ट, बुधवार
विक्रीच्या पोर्टलकडून ताकीद. ग्राहकाच्या घरी जाणे नियमबाह्य. खात्याचा रंग हिरव्याचा नारिंगी झाला. सत्य शोधणाऱ्याला व्यवस्था असंच वागवते. 

मारुतरावांना दोषनिवारणाचा फॉर्म पाठवला. कंपनीत पुरवठादाराला द्यायचो तोच, आठ रकान्यांचा. सासरे असले तरी पुरवठादार आहेत.

९ ऑगस्ट, शनिवार
फॉर्म भरून आला, सुताराच्या जाड पेन्सिलीने. सात रकाने कोरे. ‘उपाय’ या रकान्यात लिहिलंय, जपून करीन. खाली सही.

रंजनाने तो वाचला. घडी करून कपाटात ठेवला.

दुसरा लॉटही सगळा डुगडुगत आला होता, तोही घासून बसवला होता. त्यातलेही आता परत येताहेत. त्यांना पुन्हा ठिपक्यांवर ठेवलं. पुन्हा पास. सकाळी एक विचार चाटून गेला, की एवढे पास होणारे चौरंग नापास कसे होतात. पण तो विचार अनुभव नसलेल्या माणसाचा आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
खातं लाल. विक्री बंद. बाहेर गेलेला सगळा माल घरी येणार, आणि शेवटचा नग येईपर्यंत खातं बंदही करता येणार नाही. म्हणजे विकता येत नाही, सोडताही येत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
सव्वीसपैकी तेवीस घरात. हॉलमध्ये चार-चारची चळत. संडासला आडवं होऊन जावं लागतं. टीव्ही ऐकू येतो, दिसत नाही. अफताब आज दारातच म्हणाला, भाऊ, आत कुठं ठेवू, का मीच बाहेर उभा राहू. रंजना जेवायला एका चौरंगावर बसली. ताट कलंडलं. हॉलमधली फरशी खराब आहे हे मी तिला केव्हाचं सांगतोय.

१७ ऑगस्ट, रविवार
मारुतराव न कळवता आले. हातात करवत, पेन्सिल, पिशवी. नानासाहेबांनी आता दुसरा सुतार धरल्याचं त्यांनी चपला काढता काढता सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं.

हॉलमध्ये एक चौरंग बोटाने दाबला. डुगडुगला. दुसरा. तोही. मला म्हणाले, तुमी कुठं बसवता ते दावा. मी ड्राय बाल्कनीत नेलं. ठिपक्यांवर ठेवला. गप्प उभा राहिला. मी म्हटलं, बघा.

त्यांनी मशीनजवळचा मग उचलला, नळाखाली भरला आणि फरशीवर ओतला. चारी बाजूंचं पाणी वळून, ठिपक्यांच्या मधून, जाळीत गेलं.

म्हणाले, जावईबापू, ही मोरी हाय. सपाट आसती तर पानी कुठं गेलं आसतं? हितं चारी कोपऱ्यांना चार तऱ्हेचे उतार. तुमी माजे सरळ पाय ह्या मोरीला जुळवले. 

ते पुढे म्हणाले, रंजीला सांगायचं न्हाई.

मग हॉलमध्ये बसून एकेका चौरंगाखाली लाकडाच्या चिपा सरकवत, पेन्सिलीने रेघा मारत, पाय कापत गेले. संध्याकाळपर्यंत नऊ झाले. एकही हलेना. गेजही लावून पाहिला, त्यांचं लक्ष नसताना.

१८ ऑगस्ट, सोमवार
शांतपणे विचार केला. बिल्डरने तिथे उतार असल्याची सूचना लावायला हवी होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उरलेले तिन्ही आले. मारुतराव रोज सकाळच्या बसने येतात. सव्वीसही झाले. पाय दोन बोटं आखूड झालेत, पण ज्याला माहीत नाही त्याला कळणार नाही. रंजना वडिलांना म्हणाली, तुमच्या हातून अशी चूक कशी झाली दादा. ते म्हणाले, वय झालं. मी शेजारच्या चळतीवर बसून होतो. सांगणार होतो. मग चहा आला.

२४ ऑगस्ट, रविवार
गणपती तीन दिवसांवर. टेम्पो करून माल आळंदीला, नानासाहेबांच्या दुकानात. मी सोबत, उचलायला.

नानासाहेबांनी काउंटरवर दोन चौरंग ठेवून दाबले. हलले नाहीत. म्हणाले, माल तर तुमचाच आहे मारुतराव, मग लोकांनी परत का पाठवला. मारुतराव म्हणाले, नजर गेली माजी. पाय चुकले. मागनं दुरुस्त केले.

नानासाहेबांनी मालाची वही उघडली. म्हणाले, एवढे घेतो, सणाचे दिवस आहेत. पण पुढचं काम नको. तीस वर्षं केलंत, आता डोळ्यांना विश्रांती द्या. मारुतराव म्हणाले, व्हय. आणि खांद्यावरच्या टॉवेलने काउंटरवरचा भुसा पुसला.

मग नानासाहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, हे कोण. मारुतराव म्हणाले, आमचे जावई. चाकणला मोठ्या कंपनीत क्वालिटीत होते, बावीस वर्षं.

नानासाहेब म्हणाले, अहो, मग घरात एवढा माणूस असताना माल आधी यांना दाखवायचा नाही का.

मारुतराव माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, हो ना, दाखवायला हवा होता.