नाव विचारलं तेव्हा

अहो,

पुण्याहून शारदाचा नमस्कार. जेवण बरं हाय, काळजी करू नका. आईच्या गुडघ्याले तेल कोण लावून देते?

इंग्रजीच्या क्लासात लुक, सी, वॉच यांचा माझा रोज घोटाळा व्हायचा. आपल्याले तिन्ही पाह्यणंच! परवा तेही जमलं.

मंग बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं. अकरा वर्षांत उखाण्याबिगर तुमचं नाव घेतलं कुठं? मी वहीतच पाह्यत राह्यली. बाईंले वाटलं, मले प्रश्नच समजला नाई. त्यांनी तीनदा हळूहळू विचारलं. पोरी हासल्या. वाटलं, नांदुऱ्याची गाडी पकडून घरी यावं.

पण नोकरीच्या मुलाखतीतही हेच विचारतीन. उभी राह्यली आन मोठ्यानं म्हटलं, "मार्तंड."

आता क्लासाची परीक्षा देऊनच येईन. दारातून त्याच नावानं हाक मारीन. ओ द्याल ना?

तुमची,
शारदा