माझ्या फोनला सुनेचं कुलूप

३ फेब्रुवारी, सकाळ
कुंदन, लेका, लिही. मोठ्या अक्षरात लिही, कारण वाचणाराही तूच आणि विसरणाराही तूच. परवा सांगितलेला गूळ अजून आला नाही. मला अक्षर येत नाही, पण डोक्यात सगळं पक्कं असतं.
फोन उघडत नाही. ठिपके जोडायचं कुलूप मी बदललं होतं, सून तेजल आलीच तर तिने उघडू नये म्हणून. नवी नक्षी मला नीट आठवते. फोनलाच आठवत नाही.

४ फेब्रुवारी
कुंदनने फोन रीसेट केला. आता तो जुनं गुगल खातं आणि पासवर्ड मागतो. खातं तेजलचं. फोन नवा असताना तिनेच चालू करून दिला होता. तिच्या हाताला गुण नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.
तेजल दिवाळीपासून सिन्नरला माहेरी आहे. आरामाला. भांडण वगैरे काही नाही. मी एवढंच म्हणाले होते की तिचे कुळथाचे शेंगोळे कुत्र्याला घातले तर कुत्रं घर बदलेल. तेही पाहुण्यांसमोर म्हणाले. मागून बोलायची मला सवय नाही.
कुंदन ओझरला कामावर असतो तेव्हा नात सृष्टी सिन्नरहून मला व्हिडिओ कॉल करते. दिवसभरात माझं तेवढंच. ते बंद. उद्या चालू करून घेते.

६ फेब्रुवारी
शालिमार चौकात मुझफ्फरच्या मोबाईल दुकानात गेलो. म्हणाला, आजी, फोन तुमचा पण खातं सूनबाईंचं, त्यांना विचारा. मी म्हणाले, मुलाकडच्यांनी आधी फोन करायची आमच्यात रीत नाही. म्हणाला, मग बसा. दुकान एवढंसं, जीभ केवढी.
कुंदनला विचारलं, तुला पासवर्ड माहीत आहे का? म्हणाला, मी तर विसरभोळा. बरोबर आहे.

१० फेब्रुवारी
माझा फोन लागत नाही म्हटल्यावर तेजल घाबरून धावत येईल, असा माझा हिशोब होता. बस चुकली असेल.
सृष्टीचा आवाज नाही. शेवटी शेजारच्या मालनबाईच्या फोनवरून तेजलला लावला. रीत मोडली नाही, फोन मालनबाईचा होता. म्हणाले, पासवर्ड सांग. ती मग म्हणाली, आई, अजून काही? म्हटलं, अजून काय असणार? म्हणाली, तुमच्या मुलाला पाठ आहे. आणि ठेवला.
कशी आहेस, विचारायचं राहिलं. कुंदनच्या सवयी लागल्या मला.

११ फेब्रुवारी
कुंदनने पहिल्या झटक्यात पासवर्ड टाकला. म्हटलं, मग इतके दिवस? म्हणाला, तू तिला एकदा तरी 'ये' म्हणशील म्हणून थांबलो.
फोनमध्ये एकही फोटो उरला नाही. संध्याकाळी सृष्टी दिसली. पुढचा दात पडलाय. म्हणाली, आजी, पप्पांची बॅग भरली का? मी त्यांची उशी काढून ठेवलीय.

१२ फेब्रुवारी, सकाळ
कुंदन चार दिवसांसाठी सिन्नरला चाललाय. बॅगेत स्वेटर आहे, रेनकोटही आहे. विसरभोळाच तो, ऋतू विसरला असेल. तिथून ओझर लांब पडतं, कंटाळून येईल.
वही इथेच ठेव. पुढचं मालनबाई लिहील. तिलाही अक्षर येत नाही, पण शिकेल.
आणि हे नीट लिही, विसरशील. सिन्नरहून कुणी येत असेल तर डबा पाठव. शेंगोळे. तेजलच्याच हातचे. कुत्र्यासाठी हवेत म्हणून सांग. लसूण जास्त घालायला सांग.