बाळ किती दिवसांचं?

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! आईंच्या वेबसाइटवर पैसे भरायची सोय करून देते, असं बोलून बसले. बोलायला काय जातंय! पण सासूबाई मनावर घेतात. आजवर गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायची, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकायची, आणि आई एकीचं मेतकूट दुसरीला धाडायच्या. काल डोंबिवलीच्या एका बाईंना भाजणीऐवजी लोणचं गेलं. त्यांनी ते ठेवून घेतलं म्हणून बरं.

मी दिवसभर दुसऱ्यांच्या वेबसाइटी बांधते. घरचीच तेवढी राहिली होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज आमचं वाजलं. कारण — अळीवाचे लाडू. ते आई फक्त बाळंतिणींसाठी करतात. ऑर्डरचा फोन आला की पहिला प्रश्न, "बाळ किती दिवसांचं?" पहिल्या आठवड्यात लाडू लहान वळायचा, पुढे मोठा. तर हा प्रश्न पैसे भरायच्या पानावर हवाच!

म्हटलं, आई, एकेक जास्तीची चौकट म्हणजे एकेक गिऱ्हाईक गेलं.

"जाऊ दे. न विचारता लाडू देणारी मी नाही."

टाकली चौकट. त्यात फक्त आकडा चालेल, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असं करून ठेवलं. माझा राग असा निघतो.

दुसऱ्यांच्या लेकींसाठी एवढं करतात, आणि स्वतःच्या लेकीचं नाव घरात निघत नाही. प्रीती, माझ्या नवऱ्याची, सर्वेशची मोठी बहीण. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. माझं लग्न व्हायच्या आधीच तिने बाळकुमच्या ओवेनशी रजिस्टर लग्न केलं — घरी न सांगता. आईंना ओवेनबद्दल काही म्हणायचं नाही. "त्याचे आईबाप सहीला उभे, आणि मला शेजारणीकडून कळतं!" एवढंच म्हणतात आणि भांडी आवरायला घेतात. तेव्हापासून बोलणं बंद. मायलेकी दोघी सारख्याच हट्टी असाव्यात.

८ नोव्हेंबर, शनिवार

चाललं! आधी चाचणीसाठी मिळणाऱ्या खोट्या कार्डाने पैसे भरून पाहिले. आई घाबरल्या — "खोटं कार्ड? अगं, पोलीस येतील दारात!" मग खरी ऑर्डर आली, ठाण्याहून, दोन पाकिटं भाजणी. आईंनी देवापुढे साखर ठेवली. मलाही दिली, चिमूटभर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कोणीतरी परत परत येतंय. अळीवाचे लाडू निवडतं, नाव, पत्ता, फोन नंबर भरतं, त्या चौकटीपाशी पोचतं आणि निघून जातं. तरी मी सांगत होते!

आईंच्या नाकासमोर धरायचं म्हणून नोंद उघडली. नाव — प्रीती. पत्ता — बाळकुम.

उघडली तशी बंद केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सर्वेशला नोंदीतला नंबर दाखवला. म्हणाला, ताईचाच.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. अगं, तिने अजून आपल्याला कुठे सांगितलंय?"

मग चष्मा पुसत बसला. बराच वेळ. मला रडू आलं. ज्या बाईला कधी भेटले नाही तिच्यासाठी! झालं असेल का बाळ? कसं असेल? लाडू तर कुठेही मिळतात, तिला इथलेच हवेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाढव आहे मी!! वेबसाइटच्या चुकांची नोंद आज पाहिली. ती नुसती परत जात नव्हती. चौकटीत दरवेळी काहीतरी लिहीत होती, आणि माझी वेबसाइट लाल अक्षरांत ओरडत होती — फक्त आकडा टाका! काय लिहिलं ते साठवलेलं नाही. ते बरंच आहे, मी वाचलं असतं. धीर करून आलेल्या बाईला दारातून मीच हाकललं, तेही आईंवरच्या रागापोटी.

चौकट मोकळी केली. लिही बाई, काय हवं ते.

अर्ध्यातून जाणाऱ्यांना आपोआप एक मेसेज पाठवायची सोय असते. त्यात काय लिहू, आईंना विचारलं. कोणासाठी ते बोलले नाही. त्या नारळ खवत होत्या.

"घाई नाही म्हणावं. तुमचं बाजूला काढून ठेवलंय, सावकाश या."

तसंच्या तसं टाकलं. आता अर्ध्यातून जाणाऱ्या सगळ्यांनाच तो जाईल. तिलाही गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. "सारखा फोन काय बघतेस?" — आई.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईंचा फोन वाजला. "ऑर्डर दिसतेय. चष्मा नाही गं, तूच वाच."

वाचलं. अळीवाचे लाडू. प्रीती, बाळकुम.

बाळ किती दिवसांचं? — "अजून व्हायचंय, आई. या वेळी तुला आधी सांगतेय."