आजीची सकाळची परीक्षा

बाबा, संगमनेरच्या घरात सकाळी तुम्ही आजीच्या बशीत चहा ओतून द्यायचात आणि तिने पहिला घोट घ्यायच्या आत तुमचे प्रश्न सुरू व्हायचे. आज वार कोणता? महिना कोणता? काल भाजी कसली होती? नगरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली मी दारात वेणी घालत बसलेली असे. आमच्या सिस्टरसुद्धा नाश्त्याला परीक्षा घेत नसत हो! आजी भिंतीकडे बघत राहायची, चहा निवायचा, मग ती म्हणायची, "आता ह्या वयात साळंत घालतो का मला?" तुमचा शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला. "आणि आई, मी कोण?"

तुम्ही प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, कॉलेजात पाहुण्यांची व्याख्यानंही तुम्हीच ठरवायचात. त्या वर्षी पुण्याहून मेंदूचे डॉक्टर बोलावलेत. मीही तुमच्याबरोबर आले आहे, हॉल अंधारा केला आहे, पडद्यावर मेंदूच्या चकत्या दिसताहेत, मागच्या बाकांवरून शिट्ट्या येताहेत. डॉक्टर सांगताहेत, "याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. हा आजार असू शकतो, परदेशात त्यावर संशोधन चाललंय. माझ्याकडे आज औषध नाही. पण घरी एवढं करा, त्यांना विचारू नका, सांगा. 'ओळखलंस का?' म्हणण्यापेक्षा आपलं नाव सांगा." पहिल्या रांगेत तुम्ही मान डोलावत होतात. आभार मानताना "हे आपण आचरणात आणू या" असंही म्हणालात. टाळ्या पडल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? "आई, काल आपल्याकडे जेवायला कोण आलं होतं?" मी कपाळाला हात लावला. आतून आई म्हणाली, "अहो, ते डॉक्टर काल भिंतीशी बोलत होते का?" तुम्ही म्हणालात, "मेंदूला व्यायाम हवा." आणि पुन्हा तेच, मी कोण? आजीने बशी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फार अदबीने म्हणाली, "तुमी मास्तर ना? रोज येता, इचारता. माझा ल्योक न्हाई असं इचारत. त्यो आला की नुसता बसतो जवळ. कवा येनार हाय त्यो?"

तुम्ही चहा न घेता उठलात. मला वाटलं, आता तरी थांबतील. छे! पुढच्या वर्षी तुम्ही त्याच डॉक्टरांना पुन्हा बोलावलंत. घरात प्रश्न चालूच राहिले, आजी बोलणं सोडेपर्यंत. वार आणि महिना तुम्हाला नकोच होते, शेवटच्या प्रश्नाला धीर होत नसे म्हणून ते आधी, हे मला आता कळतं. पण राग जात नाही. ती लेकाची वाट बघत होती आणि लेक समोर बसून तिला तपासत होता.

आता मीही आजीच्या वयाला आले, विसरायला होतं. गेल्या महिन्यात एका तरुण डॉक्टरांनी मला वार विचारला. बरोबर सांगितला, पण घरी येईपर्यंत तुमच्यावर चिडले होते. म्हणून हे सांगून ठेवते. आजीची पानाची चंची माझ्या लेकीला. तुमचा स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर मुलाला, त्याला बिघडलेल्या वस्तू आवडतात. आणि दोघांनाही एकच सांगणं, मी गोंधळले तर खोलीत येताच आपलं नाव सांगा आणि नुसते बसा.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही. टाकलं असतं तरी तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतंत. पण बाबा, तुम्ही आलात तर खुशाल विचारा, मी कोण. अजून तरी मला उत्तर येतं.