प्रयागबाईचं कोरं कार्ड

नागपूर, ४ मार्च १९७६

मावशी,

तूच मले नर्स केलं, म्हणून तुलेच सांगते.

आधी ड्युटी संपली तरी थांबून मी पेशंटची पत्रं लिहून द्यायची. मेट्रन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा दवाखाना आहे, पोस्ट ऑफिस नाही." तेव्हापासून दोन वाजले की निघते. नेमून दिलं तेवढंच करते.

सात नंबरची म्हातारी प्रयागबाई रोज कोरं कार्ड पुढे करायची. "माह्या गोविंदाले दोन ओळी लिहून दे वं, एकदा येऊन जाय म्हणा." मी म्हणायची, उद्या.

काल ती गेली. चादर काढताना उशीखाली कार्ड सापडलं.

आज तार मिळून गोविंदा आला. "सिस्टर, मायनं काही सांगून ठेवलं का?" कार्ड माह्या खिशात होतं. मी म्हटलं, नाही.

हे त्याच कार्डावर लिहून राहिली, मावशी. तुह्या पत्त्यावर कसं टाकू?

तुही,
प्रेमिला