एकतीस बत्तीस

दि. ९ मार्च, सोमवार

प्रिय काडी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आईचा गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना कुरकुरते. शेजारणीच्या सुनेबद्दल बोलायला मिळालं की मात्र दोन-दोन पायऱ्या चढते. मैदानाच्या भांडारात शर्यतीचे नवे अडथळे आलेत आणि जुने कुठे ठेवायचे ते कुणीच सांगत नाही. मी रोज त्यांच्यामधून वाट काढत माझ्या खुर्चीपर्यंत पोचते.

फोनवर बोलता आलं असतं. पण तू हसण्यावारी नेलं असतंस, आणि मी नेऊ दिलं असतं.

तुझ्या शिबिराच्या डॉक्टरांनी ओठाच्या आतला पांढरा चट्टा बघून तुकडा तपासायला काढू म्हटलं, आणि तू 'दीड महिन्यानं शर्यत झाल्यावर बघू' म्हणालास. हे मला तुझ्या खोलीतल्या मित्राकडून कळलं. त्याला रागावू नकोस.

मागच्या आठवड्यात मी तुला त्या ट्रेडमिलच्या चाचणीचं सांगितलं. दोन दिवस पळवलं, दोन्ही दिवस ओठाखाली एकेक पुडी. एकीत तंबाखू, दुसरीत नुसता सुका पाला, चटका बसावा म्हणून आलं घातलेला. कुठली कधी, ते सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं तंबाखू लावणारी सराईत मी, छातीठोकपणे सांगितलं की दुसऱ्या दिवशीची खरी, पाय हलके पडले. तो पाला निघाला. दोन्ही दिवस मी त्रेचाळीस मिनिटांनीच थकून उतरले. तंबाखूच्या दिवशी नाडी तेवढी जास्त पळाली, मी नाही. चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, इतक्या थोड्या लोकांवरून मोठं बोलू नये, पण फायदा काही दिसत नाही.

त्यावर तू म्हणालास, "तुझा पाला तुला लखलाभ, ताई. माझ्याकडे एकतीस बत्तीस आहे."

त्याचं उत्तर आता लिहिते.

चार वर्षांपूर्वी तू दहा किलोमीटरला बत्तीस मिनिटांच्या वर अडकला होतास. कधी बत्तीस आठ, कधी बत्तीस दहा, महिनोन्‌महिने तेच. मग एका सकाळी मी माझ्या डबीतली तंबाखूची चिमूट तुला दिली. तू नको म्हणाला होतास. मी म्हटलं, "भूक मरते, डोकं शांत राहतं, एकदा घेऊन तर बघ." हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. डॉक्टरांनाही तू 'माझा मीच तंबाखूला लागलो' असं सांगितलंस म्हणे.

त्या दिवशी वळायचा शंकू मी ठेवला होता. पुलापलीकडच्या खांबाशी ठेवायचा, मी अलीकडच्या खांबाशी ठेवला. धुकं होतं, आणि घाईत होते. तू एकतीस मिनिटं बत्तीस सेकंदांत परत आलास, रस्त्यातच बसलास आणि हसत सुटलास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंकू गोळा करायला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरी आले तर आई तुझी वेळ लिहिलेला कागद कपाटावर चिकटवत होती. मी तिला डिंक धरून दिला.

ती वेळ ट्रॅकवर कधीच आली नाही. तू म्हणायचास, पंचांच्या डोळ्यांदेखत ओठाखाली ठेवता येत नाही ना, म्हणून. मी मान डोलवायची. एकदा चूक लपवली की मान आपोआप डोलते, तिला वेगळं सांगावं लागत नाही.

काल भांडारातलं मोजायचं चाक घेऊन गेले. दोन खांबांमध्ये सत्त्याण्णव मीटर. जाताना तेवढं कमी, येताना तेवढं कमी. तुझ्या वेगानं सदतीस सेकंद होतात. त्या दिवशी तू बत्तीस नऊला आला होतास, काडी. नेहमीसारखाच. चिमटीनं काहीच केलं नाही.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. चाक पुसून जागेवर ठेवलं, चहा घेतला, आईची औषधं आणली. माझी डबी तीन आठवडे बंद आहे. जिभेला अजून नीट चव लागत नाही, आणि मलाही कशाची लागत नाही. तुझं हे सगळं मी केलं, एवढं मात्र स्पष्ट कळतं.

शर्यत पळ किंवा पळू नकोस. पण जे हातचं जाईल म्हणून तू तो तुकडा काढू देत नाहीस, ते तुझ्याकडे नव्हतंच. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गेलास की आईला एक ओळ कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

कपाटावरचा कागद मी काढलेला नाही. तू सांगशील तेव्हा काढीन.

चिमूट दिली त्याच हातानं घड्याळ धरलं होतं, आणि त्याच हातानं हे लिहिलंय.

ताई