पहिल्या दहांची पडताळणी

१९ मे

पहिली! पहिली!! मी पहिली!!!

इथे तीनदा लिहिलं, कारण तिथे ओरडता आलं नाही. फलकासमोर अख्खा वर्ग उभा, आणि मी चेहरा असा ठेवलेला की त्यात काय विशेष. संगणकशास्त्राची पदवी, सुवर्णपदक, आणि पदकाबरोबर विभागातच शिकवायची जागा. आईला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "नीट बघितलंस ना? आडनाव बघितलंस ना?" केवढा हा विश्वास पोटच्या पोरीवर!

गंमत म्हणजे यादी माझ्याच प्रोग्रामने लावली आहे. आमच्याकडे ही पद्धतच आहे. गुणवत्ता यादी बाहेरून करून आणायची नाही, दरवर्षी शेवटच्या वर्षातल्या कुणाकडून तरी प्रकल्प म्हणून तो प्रोग्राम लिहून घ्यायचा. यंदा ते माझ्या गळ्यात पडलं. विभागप्रमुखांना त्याचा फार अभिमान. त्यांना आम्ही सेमिकोलन म्हणतो, कारण त्यांचं वाक्य थांबतं पण संपत नाही.

आणि बाबा! बाबा याच विभागाची लॅब सांभाळतात, चोवीस वर्षं झाली. मुलं त्यांना वायरकाका म्हणतात. मीसुद्धा कॉलेजात कधी कधी चुकून तशीच हाक मारते. यादी लागण्याआधी पहिल्या दहा जणांचे गुण हाताने ताडून 'पडताळणी केली' अशी सही त्यांनी करायची असते. यंदा कुणीतरी कुरकुरलं — मुलीचा प्रोग्राम आणि बापाची सही? सेमिकोलन म्हणाले, "अहो, वायरकाकांवरच संशय घ्यायचा म्हटलं तर मग आपण..." पुढचं ज्याने त्याने समजून घेतलं.

बाबांनी घरी आल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत. त्यांचं असंच असतं.

२० मे

आईने सकाळपासून अकरा फोन केले. एक राँग नंबर लागला. त्यालाही सांगितलं.

२४ मे

टाचणी अकरावी आली.

बारीक आणि टोकदार, म्हणून टाचणी. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मला जे येतं त्यातलं निम्मं तिने शिकवलेलं आहे, आणि शिकवताना केलेला अपमान वेगळा. "डोकं घरी ठेवून आलीस का गं?" हे तिचं आवडतं वाक्य. पण समजावते अशी की पुन्हा विचारावं लागत नाही.

आज कँटीनमध्ये भेटली. मला वाटलं होतं पहिल्या तिघांत नक्की येईल. तसं म्हटलं, तर खांदे उडवले. "कावीळ झाली होती तेव्हाचा पेपर मी नंतर दिला ना! ते गुण पदकाला धरत नसतील. जाऊ दे." कुणाला विचारलंस का, म्हटलं. "मी भीक मागायला जाऊ?" ही अशी.

तिला शिकवायचंच होतं. आता दूरच्या शहरात एका कंपनीत जाणार आहे, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला. पंधरा जूनला करारावर सही. तीन वर्षं सोडता येणार नाही म्हणे.

"तू शिकव," म्हणाली. "फक्त पोरांना माझ्यासारखी बोलू नकोस." आणि मला मिठी मारली! चार वर्षांत पहिल्यांदा.

२ जून

 

समारंभासाठी पडद्यावर दाखवायची पानं करायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक बक्षीसवाल्याचा फोटो, नाव, चार वर्षांचे गुण. टाचणीला प्रकल्पाचं उत्तेजनार्थ बक्षीस आहे, म्हणून तिचे गुण मूळ नोंदींतून काढले. बेरीज केली. पुन्हा केली. मग बोटांवर केली.

तिची बेरीज माझ्यापेक्षा नऊने जास्त आहे.

कावीळ झाली त्या विषयाच्या तिच्या नावावर दोन नोंदी आहेत. आधीची — गैरहजर, शून्य. नंतरची — अठ्ठ्याहत्तर. आणि माझ्या प्रोग्राममध्ये माझ्याच हाताने लिहिलेली ओळ आहे की विद्यार्थ्याची नोंद सापडली की थांब, पुढे शोधू नकोस. वेळ वाचावा म्हणून! चौसष्ट मुलांच्या यादीत कितीसा वेळ वाचणार होता? डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पण मला हुशारी दाखवायची होती. मागच्या वर्षीच्या यादीवर चाचणी घेतली तेव्हा सगळं चोख आलं. मागच्या वर्षी कुणी आजारीच पडलं नव्हतं.

प्रोग्रामला शून्य सापडलं आणि तो थांबला.

४ जून

कुणाला सांगितलं नाही.

५ जून

नियमांची पुस्तिका वाचली. वाटत होतं, टाचणी म्हणते तसं खरंच गुण धरत नसतील, मग मी सुटले. पान एकतीस. डॉक्टरांचा दाखला असेल तर नंतर दिलेल्या पेपरचे गुण 'सर्व प्रयोजनांसाठी' पूर्ण धरावेत. सर्व प्रयोजनांसाठी! एक तरी पळवाट ठेवायची होती मेल्यांनी.

खाली हेही आहे — यादीवरचे दुरुस्तीचे अर्ज चौदा जूनला दुपारी बारापर्यंत. त्यानंतर यादी अंतिम, कुणाच्याही सांगण्यावरून बदलणार नाही. समारंभ सोळाला.

म्हणजे आणखी नऊ दिवस गप्प बसले की पदक माझं. काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. इतकं सोपं आहे म्हणून जास्त भीती वाटते.

७ जून

आज हिय्या करून सेमिकोलनच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, यादीबद्दल जरा..."

ते भाषण लिहीत होते. खूश होऊन त्यातलं वाचून दाखवलं. आमच्याच विद्यार्थिनीने लिहिलेला प्रोग्राम, आणि तीच सर्वप्रथम! आमच्याच वायरकाकांची कन्या! चोवीस वर्षांत यांच्या सहीच्या यादीवर एकही तक्रार नाही, आणि हे फक्त अशा विभागातच शक्य आहे जिथे...

थांबले. मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

"यादीचं काय म्हणत होतीस?"

 म्हटलं, "सर, अक्षर जरा बारीक वाटतंय. लांबून दिसत नाही."

८ जून

यादी मोठ्या अक्षरात पुन्हा छापून लावली आहे. माझं नाव आता फाटकापासून वाचता येतं.

९ जून

माझ्यापुरतं असतं तर एव्हाना सांगून मोकळी झाले असते. खरंच झाले असते का? माहीत नाही. पण आता ते माझ्यापुरतं नाही.

खाली बाबांची सही आहे. मुलीने प्रोग्राम लिहिला, त्यात असा घोळ झाला की मुलगीच पहिली आली, आणि बापाने डोळे मिटून सही केली. कोण म्हणेल ही चूक आहे? मी स्वतः दुसऱ्या कुणाबद्दल हे ऐकलं असतं तर भुवई वर केलीच असती! बाबांना तर फक्त पहिली दहा नावं दिली होती. टाचणी अकरावी. तिची बेरीज त्यांच्यासमोर आलीच नाही, त्यांना कळणार कसं? पण हे एकेकाला गाठून कोण समजावणार?

सप्टेंबरात ते निवृत्त होतात. या माणसाने ऑफिसचं पेन कधी घरी आणलं नाही. एकदा चुकून खिशात आलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच जाऊन परत ठेवलं. लोक त्यांना त्याबद्दल हसतात, आणि कुणाचं काही हरवलं की त्यांच्याकडेच येतात. जाता जाता त्यांच्या तोंडाला मी काळं फासायचं?

आणि नाही सांगितलं तर टाचणी तीन वर्षं फोनवर शिव्या खाणार.

जेवण जात नाही. आई म्हणते आनंदाने भूक मेली असेल.

१० जून

टाचणीच्या खोलीवर गेले होते. निम्मं सामान खोक्यांत. तिच्या टिपणांच्या वह्या तिने माझ्यासाठी बांधून ठेवल्या होत्या — सगळ्या, चारही वर्षांच्या. "शिकवताना लागतील. मला काय, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' एवढंच पाठ करायचंय."

मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय."

"सांग."

सांगितलं की माझ्या पायाला मुंग्या आल्यात.

वह्या घेऊन आले. सोळा आहेत. आता माझ्या कपाटात आहेत आणि कपाट उघडवत नाही.

११ जून

बाबा हल्ली माझ्याशी फारच कमी बोलतात. समारंभाच्या तारा ओढून दमत असतील. काल जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मीठ मागितलं. मीठ समोरच होतं.

१२ जून

रंगीत तालीम. व्यासपीठावर चढायचं, डावीकडून यायचं, हसायचं, उजवीकडून उतरायचं. माझं नाव पुकारलं आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर मी हसले. सेमिकोलन ओरडले, "अगं मनापासून! पदक मिळतंय, दात काढायला नाही..." मुलं हसली. टाचणी सगळ्यांत जोरात.

बाबा मागे प्रोजेक्टरपाशी होते. पडद्यावर माझा फोटो आला, खाली माझे गुण. त्यांनी फोटो जागेवर बसवला, वाकडा होता तो सरळ केला, आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं भरून आलं असेल. त्या क्षणी मला व्यासपीठावरून उडी मारून पळावंसं वाटलं. उजवीकडून उतरले.

आईने माझ्यासाठी नवे कपडे आणलेत, बाबांसाठी शर्ट. मावशी येणार आहे, प्रवासाला सात तास लागतात तरी. सगळी दारं बाहेरून कुणीतरी प्रेमाने लावून घेतल्यासारखं झालंय.

१३ जून

उद्या दुपारी बारापर्यंत.

दुपारी अर्ज लिहिला. आठ कागद फाडले. शेवटी असा जमला — प्रोग्राममधली चूक माझी, एकटीची, अजाणता झालेली. दोन जूनला लक्षात आली, तरी मी अकरा दिवस गप्प राहिले, तो दोषही माझाच. खरी पहिली कोण ते गुणांसकट. आणि खाली — 'पडताळणी करणाऱ्यांना फक्त पहिल्या दहांचीच यादी दिली होती. त्यांना ही चूक कळणं शक्य नव्हतं. त्यांना जबाबदार धरू नये.' ही वाक्यं सगळ्यांत आधी सुचली होती.

लोक काय म्हणायचं ते म्हणतील. जागा जाईल, पदक जाईल. आई कुणाकुणाला पुन्हा फोन करणार? पण त्या वह्या कपाटात ठेवून मी तिच्या जागेवर शिकवायला उभी राहू शकत नाही. नाहीच.

बाबांना तोंडाने सांगायचं धैर्य नाही. बाहेरच्या खोलीत इस्त्री करतायत, तो नवा शर्ट. अर्ज त्यांच्या चष्म्याखाली ठेवते. सकाळी उठले की आधी चष्माच शोधतात.

त्यांच्या डोळ्यांत मी आज शेवटची पहिली आहे.

१४ जून

बाबांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

ते पहिल्या दहांचीच नाही, दरवर्षी मूळ नोंदी काढून सगळ्याच्या सगळ्यांची बेरीज करतात. कुणी सांगितलेलं नाही, पण त्याशिवाय त्यांना सही करवत नाही. टाचणी पहिली आहे हे त्यांना यादी लागण्याच्या दोन दिवस आधीच कळलं होतं. त्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं.

"तुला पकडून देणारा मीच व्हायचं, ते नाही जमलं गं."

आम्ही सव्वीस दिवस एका टेबलावर जेवत होतो.

मग माझं पेन मागितलं. त्यांच्याविषयीची ती शेवटची तिन्ही वाक्यं रेघ मारून खोडली, वर लिहिलं — 'मला माहीत होतं' — आणि सही केली. मी नको नको म्हणून हात धरला होता तरी केली. आई दारात उभी राहून विचारत होती, काय झालं, कुणी सांगेल का मला?

निघतोय आता. दोघंही. बारा वाजायला चाळीस मिनिटं आहेत.